कृष्णविवराच्या पोटात काय आहे?



ज्या वस्तूतून प्रकाशालाही बाहेर पडता येत नाही, तिच्या आत काय आहे हे सांगायला कोणी साक्षीदार परत येणार नाही. मग शास्त्रज्ञ त्याविषयी बोलतात ते कशाच्या आधारावर? आधार एकच, गणिताचा. आणि त्या गणितावर जाणत्यांचा विश्वास बसायलाही पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांची हकिकत आज सांगावयाची आहे.

१९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन सैन्यातून रशियन आघाडीवर गेलेल्या कार्ल श्वार्त्सशिल्ड या खगोलज्ञाने काही आठवड्यांतच त्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले, आणि १९१६ च्या मे महिन्यात तो आजाराने वारला. त्याच्या उत्तराचा पुरता अर्थ पुढे उलगडला. सूर्याचे सगळे द्रव्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले, तर त्या सीमेच्या आतून काहीच बाहेर येऊ शकणार नाही!

निसर्गात असे घडत असेल हे खुद्द आइन्स्टाइनला पटेना. १९३९ साली त्याने तसा निबंधही लिहिला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, म्हणजे हिटलरचे सैन्य पोलंडात शिरले त्याच दिवशी, ओपेनहायमर आणि स्नायडर यांचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंधन संपलेला जड तारा कोसळू लागला, तर बाहेरच्या माणसाला तो सीमेपाशी थिजल्यासारखा दिसेल. पण ताऱ्याबरोबर पडणारा मोजक्याच काळात सीमा ओलांडून आत जाईल, असे त्यांचे गणित सांगत होते.

यावर आक्षेप आला, आणि तो पोरकट नव्हता. या दोघांनी तारा अगदी वाटोळा आणि न फिरणारा धरला होता. आतला दाबही हिशेबातून वगळला होता. खरा तारा फिरतो, कुठे फुगीर असतो, कुठे चपटा. तेव्हा कोसळणारे द्रव्य नेमके एका बिंदूत कशाला भेटेल? एकमेकांच्या बाजूने निसटून जाणार नाही काय?

या आक्षेपाला उत्तर देण्याचे हत्यार कलकत्त्यात घडले. अमलकुमार रायचौधुरी हे १९२३ साली बारिसाल येथे एका शाळामास्तराच्या घरी जन्मले. नोकरीत त्यांना नेमून दिलेले संशोधन वेगळ्याच विषयाचे होते. सापेक्षतेचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालविला. १९५५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा निबंध आला, तेव्हा त्यांच्यापाशी डॉक्टरेटही नव्हती. त्यांच्यासमोरचा प्रश्न विश्वाच्या आरंभाचा होता; पण वाटोळेपणाचे गृहीत सोडून दिल्यामुळे त्यांचे समीकरण सर्वत्र लागू पडणारे झाले. त्याचा भावार्थ असा: मोकळेपणी पडणाऱ्या कणांचा एक पुंजका घ्या. गुरुत्वाकर्षण त्यांना जवळ आणते. पुंजक्याचा आकार पिळवटला गेला, तर जवळ येण्याचा वेग वाढतोच. भोवऱ्यासारखे फिरणे तेवढे त्याला विरोध करते.

हाच विचार रॉजर पेनरोज यांनी प्रकाशकिरणांना लावला. १९६५ सालचा त्यांचा निबंध अवघा तीन पानांचा आहे. बाहेरच्या दिशेने सोडलेले किरणही जिथून आतच ओढले जातात असा वेढा एकदा पडला, आणि द्रव्याची ऊर्जा ऋण नाही एवढे मानले, की आतली निदान एक तरी वाट मध्येच तुटलीच पाहिजे. तारा वाटोळा असो वा वेडावाकडा! या कामाबद्दल २०२० सालचे अर्धे नोबेल पारितोषिक पेनरोज यांना मिळाले. रायचौधुरी २००५ सालीच निवर्तले होते.

मग आत आहे तरी काय? न फिरणाऱ्या कृष्णविवराचे उत्तर चमत्कारिक आहे. सीमेच्या आत केंद्र ही जागा राहत नाही, ती येणारी वेळ बनते. उद्याचा दिवस जसा चुकवता येत नाही, तसे ते चुकवता येत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. ते फिरत नाही असे धरले, तर सीमेवरून आत पडणाऱ्याला जास्तीत जास्त सुमारे एक मिनिट मिळेल. त्यानंतर काय, याला आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात उत्तर नाही. वाट तुटते याचा अर्थ तिथे सिद्धान्ताची हद्द संपते. पुढे पुंजसिद्धान्ताची मदत हवी. कोसळणारे द्रव्य अखेरीस उसळी घेईल असे काही म्हणतात. आत पोकळी नसून सूक्ष्म तंतूंचा गुंताच आहे असे दुसरे काही म्हणतात. यांपैकी एकाही कल्पनेची प्रयोगाने पारख झालेली नाही.

मित्रहो, या हकिकतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. आइन्स्टाइनचे नाव हा पुरावा ठरला नाही. कलकत्त्यातील एका अप्रसिद्ध माणसाचे समीकरण मात्र ठरले. आणि ज्या सिद्धान्ताने एवढे राज्य केले, त्याच्याच गणिताने आपले राज्य कुठे संपते ते सांगितले. अधिकार गाजविणारी माणसे आपली हद्द सहसा सांगत नाहीत. शास्त्र सांगते, म्हणून त्याच्या शब्दावर आपण विसंबतो.