हॅमॉकसाठी घरगुती अंडरक्विल्ट : उबेचे कापड कसे निवडावे?

दोन झाडांमध्ये बांधलेल्या हॅमॉकमध्ये झोपणाऱ्याला थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी पाठीखाली ती अंगाच्या वजनाने चेपली जाते आणि तिची ऊब निघून जाते. तंबूत झोपणाऱ्याच्या खाली मॅट असते. हॅमॉकच्या खाली मात्र मोकळा वारा असतो. त्यामुळे हवा फारशी गार नसतानाही, म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपासही, पहाटे पाठ गारठू शकते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे अंडरक्विल्ट. ही एक हलकी रजई असते. ती हॅमॉकच्या बाहेरून, तळाशी लागून टांगतात. तिच्यावर अंगाचे वजन येत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. ती घरच्या शिलाई मशीनवर शिवता येते, मात्र कापडाची निवड चुकली तर सगळी मेहनत वाया जाते.

ऊब नेमकी कशामुळे मिळते?

कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. तंतूंच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून भरणाचे वजन किंवा दाटपणा नव्हे, तर त्याचा फुगीरपणा महत्त्वाचा. गोधडीचे उदाहरण घ्या. सुती कपड्यांचे थर जवळजवळ टाके घालून शिवल्याने ती टिकाऊ होते आणि जमिनीवर छान ऊब देते. पण हॅमॉकखाली टांगायला ती जड होते, तिच्यात हवा कमी मावते आणि सुती कापड ओलावा धरून ठेवते.

भरणाचे पर्याय

• अखंड तंतूंचे पॉलिएस्टर : ‘क्लायमाशील्ड एपेक्स’ हा या प्रकारातला परिचित माल. तंतू लांब व एकमेकांत गुंतलेले असल्याने भरण सरकत नाही. फक्त कडेने शिवले तरी चालते. नवशिक्यांसाठी हे सर्वांत सोपे.

• साधे पॉलिएस्टर वॅडिंग : रजया आणि जॅकेटसाठी मिळते, स्वस्त असते. तंतू आखूड असल्यास ते गोळा होऊ नये म्हणून मध्येमध्ये टाके घालावे लागतात. टाक्याच्या रेषेवर भरण चेपते आणि तिथून थंडी शिरते, म्हणून टाके शक्य तितके कमी ठेवावेत.

• डाउन, म्हणजे बदक किंवा हंसाची मऊ पिसे : वजनाच्या मानाने सर्वांत उबदार. पण भिजल्यावर ती बसतात आणि ऊब जाते. आत कप्पे शिवावे लागतात. दमट हवेत आणि पहिल्याच प्रयत्नात हा पर्याय टाळलेला बरा.

• फ्लीस : मऊ आणि शिवायला सोपे, पण त्यातून वारा आरपार जातो. एकटे पुरत नाही.

आतले-बाहेरचे कापड

दोन्ही बाजूंना पातळ, दाट विणीचे रिपस्टॉप नायलॉन किंवा पॉलिएस्टर वापरतात. त्याने वारा अडवावा, पण घामाची वाफ बाहेर जाऊ द्यावी. पूर्ण जलरोधक लेप असलेले कापड किंवा चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट वापरल्यास वाफ आतच साठते, भरण ओले होते आणि ऊब कमी होते. पावसापासून संरक्षण हे वर बांधलेल्या ताडपत्रीचे काम आहे.

दुकानात सोपी चाचणी करता येते : कापड तोंडाला घट्ट लावून फुंकावे. हवा सहज गेली तर वारा अडणार नाही. अजिबात गेली नाही तर वाफही अडकण्याची शक्यता जास्त. जोर लावल्यावर थोडी जावी.

किती जाडी घ्यावी?

एपेक्स वापरणारे ढोबळमानाने असा हिशेब धरतात : दर चौरस मीटरला ८५ ग्रॅमचे भरण सुमारे १० अंश सेल्सिअसपर्यंत, १२२ ग्रॅमचे सुमारे ४ अंशांपर्यंत, तर १७० ग्रॅमचे शून्याच्या आसपासपर्यंत. साध्या वॅडिंगला हेच आकडे लावू नयेत. तिथे एक पायरी जाड घ्यावे. दोन चौरस मीटरच्या रजईत १२२ ग्रॅमचे भरण सुमारे २४५ ग्रॅम भरते. दर चौरस मीटरला ३७ ग्रॅम वजनाच्या कापडाचे दोन थर सुमारे १५० ग्रॅम होतात. म्हणजे दोऱ्या सोडून साधारण ४०० ग्रॅम.

शिवताना व वापरताना

बाहेरचे कापड आतल्यापेक्षा थोडे मोठे कापावे, म्हणजे बाक आल्यावर भरण चेपत नाही. रजई हॅमॉकला सगळीकडे अलगद टेकली पाहिजे. फट राहिली तर वारा शिरतो, फार ताणली तर भरण दबते. हे कृत्रिम कापड आगीने वितळून कातडीला चिकटते, म्हणून शेकोटी आणि स्टोव्ह दूर ठेवावेत.

पहिली रात्र गच्चीवर किंवा अंगणात काढावी, जिथून उठून घरात जाता येते. ओल आणि वारा एकत्र आले तर बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ शकते. सतत कापरे भरणे आणि बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे आहेत. डोंगरमाथ्यावर मध्यरात्री ती दिसली तर मदत लांब असते. म्हणून आपली रजई किती थंडीपर्यंत पुरते, हे निघण्यापूर्वीच माहीत असावे.