टफी, मार्को आणि चहाच्या कपातलं पिल्लू

मंडळी, 'हम आपके हैं कौन' (१९९४) मधला टफी आठवतो ना? क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायरगिरी करणारा आणि शेवटी चिठ्ठी नको त्या (म्हणजे नेमक्या हव्या त्या!) माणसाकडे नेऊन अख्खा पिक्चर सोडवणारा पांढराशुभ्र केसाळ कुत्रा. पिक्चर आला तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता, पण टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलाय की टफी घरातलाच वाटतो. थेटरातून बाहेर पडणाऱ्या निम्म्या पब्लिकला माधुरी हवी होती आणि उरलेल्यांना टफी. माधुरी मिळणं शक्य नव्हतं, टफी मिळण्यासारखा होता.

त्याला आपण सगळे 'पॉमेरियन' म्हणतो. खरं तर तो पॉमेरेनियन नव्हेच, तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून इथेच तयार झालेली जात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे परदेशी कुत्रा आणणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं आणि चाळीपासून बंगल्यापर्यंत हाच शिरला. पाच-सात किलोचा, आपला उन्हाळा काढणारा, पोळी-दुधावर दहा-बारा वर्षं सहज जगणारा आणि पोस्टमनवर जन्मजात राग असणारा.

आता खऱ्या पॉमेरेनियनकडे येऊ, कारण गंमत तिथे आहे. हे मूळचे बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया भागातले कुत्रे. राणी शार्लटने १७६७ साली त्यातले दोन इंग्लंडात आणले. तेव्हाची चित्रं पाहिली तर ते चांगले थोराड, मध्यम आकाराचे दिसतात. मग १८८८ साली राणी व्हिक्टोरिया इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथे तिला मार्को नावाचा लहानखुरा पॉमेरेनियन आवडला. वजन साधारण साडेपाच किलो. राणीने तो घरी आणला, स्वतः प्रजनन सुरू केलं, १८९१ च्या पहिल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आपले कुत्रेही उतरवले. झालं! राणीकडे लहान आहे म्हटल्यावर सगळ्यांना लहानच हवा. तिच्या हयातीत या जातीचा आकार जवळपास निम्म्यावर आला असं मानतात. (टायटॅनिकवरून १९१२ साली वाचलेल्या तीन कुत्र्यांपैकी दोन पॉमेरेनियन होते. लहान असण्याचा कुत्र्याला झालेला मला माहीत असलेला हा एकमेव फायदा.)

आज अमेरिकन केनेल क्लबच्या मापात पॉमेरेनियन दीड ते सव्वातीन किलोत बसतो. म्हणजे ज्या मार्कोमुळे लहान कुत्र्याचं वेड लागलं, तो आज विकायला ठेवला तर दुकानदार 'साहेब, हा जरा मोठा आहे' म्हणून डिस्काउंट देईल. आणि आपल्या काकूंकडचा गुबगुबीत 'पॉमेरियन' वजनाने थेट राणीच्या मार्कोच्या बरोबरीचा!

हे घडतं कसं? लहान नर, लहान मादी, त्यांच्या पिल्लांतली पुन्हा सर्वात लहान, असं पिढ्यान्‌पिढ्या. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. कुत्र्यांच्या लहान आकारामागे आयजीएफ-१ या एकाच जनुकाचा मोठा वाटा आहे, असं त्यात दिसलं. म्हणजे एक कॉन्फिग व्हॅल्यू बदलली की पूर्ण सिस्टिम छोटी. पण आपल्याला माहितीये, प्रॉडक्शनमध्ये एक व्हॅल्यू बदलली की काय काय पडतं ते.

मागणी कशी तयार होते ते आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. २००३ साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे पग फिरला आणि देशभर पगची मागणी आणि किंमत दोन्ही वाढल्या. चपट्या नाकामुळे नीट श्वास घेता न येणारा, धापा टाकून अंग थंड करायची सोयच नसलेला कुत्रा आपण चाळीस डिग्रीच्या गावांत नेऊन ठेवला. २००७ मध्ये हच व्होडाफोनने घेतली, २००९ मध्ये झूझू आले, लोक पगला विसरले. पग घरोघरी घोरत राहिले.

आता पाळी 'टीकप'ची. आमचं आजोळ मंगरूळपीर. गेल्या महिन्यात मामेभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, चहाच्या कपात बसलेलं पॉमेरेनियनचं पिल्लू. मागोमाग फोन. "दादा, तू पुण्यातच हायेस तं पाहून येजो ना जरा. कपात मावते म्हने लेकाचं!" किंमत माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त. विकणारा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायला तयार होता. वजन त्याने ग्रॅममध्ये सांगितलं. वय सांगितलं नाही.

टीकप नावाची जात कुठल्याच मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही. ते एकतर खुरटलेलं पिल्लू असतं, नाहीतर चार-पाच आठवड्यांचं, आईपासून लवकर तोडलेलं साधं पिल्लू असतं, जे पुढे वाढतं.

खरोखरच खुरटलेलं असेल तर गणित क्रूर आहे. अकरावीतलं आठवा. सगळी मापं निम्मी केली की वजन आठव्या भागावर येतं, पण कातडीचं क्षेत्रफळ चौथ्याच भागावर. म्हणजे दर ग्रॅममागे उष्णता गमावणारी कातडी दुप्पट. शरीर गरम ठेवायला इंधन सतत लागतं, आणि ते साठवायला यकृत इवलंसं, स्नायू जवळजवळ नाहीतच. काही तास पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर घसरते. आधी मलूल, मग तोल जाणं, मग झटके, मग संपलं. हिरड्यांना मध किंवा साखरपाणी चोळून लगेच डॉक्टर गाठला तर वाचतं. पुणे ते मंगरूळपीर रात्रभर बसच्या डिकीत, खोक्यात, ते कोण चोळणार?

त्यातून वाचलं तर बाकीचं आहेच. टाळू न भरलेली कवटी, काहींत मेंदूत पाणी, सरकणाऱ्या गुडघ्याच्या वाट्या, दबणारी श्वासनलिका. पुढचे पाय काडीसारखे, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. गावात ढोरांचा दवाखाना आहे, पण तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई, बैल, शेळ्यांत जातो. मोठं काही झालं तर अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था गाठायची, दीड-दोन तास. रक्तातली साखर तेवढी थांबत नाही.

कायदा नाही असं नाही हं. २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीचे केंद्रीय नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीचं प्रजनन करायचं नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मी भावाला एवढंच म्हटलं, जन्मतारीख, लसीचं कार्ड आणि नोंदणी क्रमांक माग, आणि आईला बघायला कधी यायचं ते विचार.

त्याने विचारलं. उत्तर आलं, "सर, पेपर्सचे एक्स्ट्रा लागतील."

ॲडव्हान्स अजून गेलेला नाही. पुतणीने मात्र नाव ठरवून टाकलंय, बिस्कीट. आणि परवा मामी म्हणाली, मागच्या गल्लीत कुत्री व्यायलीये, पाच पिल्लं आहेत, त्यातलं एक पांढरं आहे. मामी त्याला रोज दूध घालते म्हणे.