दिव्याचे पैसे

माझ्या वडिलांची जमाखर्चाची वही अजून माझ्या कपाटात आहे. १९६६ सालची. तीत दर महिन्याच्या पाच तारखेला दोन नोंदी एकाखाली एक येतात. 'भाडे रु. १४' आणि 'दिव्याचे पैसे रु. ६'. परवा नातू ती वही चाळत बसला होता. म्हणाला, "आजी, दिव्याचे पैसे म्हणजे काय? लाइटचं बिल यायचं नाही का तुम्हाला?"

बिल यायचं रे बाबा, पण ते आम्हाला कधी बघायला मिळालं नाही. त्याला दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले, पण मनातून विषय गेला नाही. म्हणून आज हे.

आम्ही राहायचो त्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती आणि मीटर एक. तो मालकांच्या ओसरीवर, लाकडी फळीवर बसवलेला. काचेतून चकती फिरताना दिसायची. आम्ही मुलं ती बघत उभी राहिलो की आतून हाक यायची, "काय रे, काय काम आहे तिथे?" दर ठरलेला होता, पॉइंटमागे तीन रुपये. आमच्याकडे दोन पॉइंट, एक बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. चाळीसच्या वरचा बल्ब लावायचा नाही, इस्त्री करायची नाही, रेडिओ असेल त्याने रुपया जादा द्यायचा. (आमच्याकडे नव्हता, तो रुपया वाचला!) आणि रात्री दहा वाजता मेन स्विच खाली. मग वाड्यात कुणाचं मूल आजारी असो की कुणाची परीक्षा असो.

वडील कचेरीत कारकून. हिशेबाला पक्के. त्यांनी एकदा वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, ते अजून तिथे आहे. चाळीस वॉटचा दिवा रोज पाच तास जळला तर दोनशे वॉट-तास. महिन्याचे सहा हजार, म्हणजे सहा युनिट. दोन दिव्यांचे बारा. त्या वेळच्या दराने सहा रुपयांच्या निम्मेही होत नव्हते. ते मालकांकडे गेले आणि बिल बघायला मागितलं. मालक शांतपणे म्हणाले, "अहो, परवडत नसेल तर कंदील लावा."

वडिलांनी तेच केलं. पुढच्या महिन्यात वहीत 'दिव्याचे पैसे रु. ३' आहेत आणि रॉकेलची नोंद वाढलेली आहे. बाहेरच्या खोलीतला पॉइंट काढून टाकला. मी मॅट्रिकचा अभ्यास कंदिलावर केला. वडिलांचा स्वाभिमान आणि माझे डोळे, दोन्हींची किंमत त्या तीन रुपयांत होती. तेव्हा राग मालकांचा यायचा. थोडा वडिलांचाही यायचा, हे आज इतक्या वर्षांनी लिहून टाकते.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे वीज आली ती आधी मुंबईत. १९०५ मध्ये तिथल्या कंपनीने वीज द्यायला सुरुवात केली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. तीच कंपनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने घेतली आणि ती आपली बेस्ट. टाटांनी खोपोलीला धरणाच्या पाण्यावर १९१५ मध्ये वीज काढली, ती मुख्यतः गिरण्यांसाठी. उपनगरांत १९२९ साली बीएसईएस ही वेगळी कंपनी स्थापन झाली. बाकीच्या महाराष्ट्रात १९६० पासून वीज मंडळ.

पण मला कुतूहल होतं ते कायद्याचं. १९१० च्या वीज कायद्यातच तरतूद होती की वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला 'किंवा भोगवटादाराला' आहे. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा, म्हणजे आम्ही! २००३ च्या नव्या कायद्यात ४३ व्या कलमात तेच शब्द आहेत. आणि वडील १९६७ मध्ये स्वतंत्र मीटरची चौकशी करायला गेले तेव्हा खिडकीवरून एकच उत्तर मिळालं, "मालकांचं ना हरकत पत्र आणा." ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचंच पत्र! ते कुठून आणणार?

मालकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. घरपट्टी वाढत होती, दुरुस्त्या महागत होत्या, भाडं हलत नव्हतं. मग जी एक गोष्ट भाड्यात मोजली जात नव्हती, तिच्यातून वसुली सुरू झाली. शिवाय भाडेकरूच्या नावाचं बिल म्हणजे ताब्याचा पुरावा. तो कोण हातात देईल? त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात मात्र मालकाने दिवे-पाणी तोडू नये असंही होतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते २९ व्या कलमात आलं. तोडू नये हे लिहिलं होतं, हिशेब दाखवावा हे आमच्या वाड्यात कुणी मालकांना ऐकवलं नाही.

एका मीटरचा तोटा पुढे आणखी वाढला, कारण दराचे टप्पे आले. समजा, चार बिऱ्हाडं प्रत्येकी नव्वद युनिट वापरतात. प्रत्येकाचा मीटर वेगळा असेल तर सगळे शंभराच्या आत, सगळ्यात स्वस्त टप्प्यात. तेच एका मीटरवर आले की तीनशे साठ होतात. पहिले शंभर स्वस्त, पुढचे दोनशे महाग आणि वरचे साठ त्याहून महाग. गरीब चौघं मिळून एक श्रीमंत होतात! सबमीटर लावून मालक प्रामाणिकपणे वाटणी करत असला तरी हे टळत नाही.

मधे एक काळ असा आला की वाटलं, आता गिऱ्हाईक राजा होणार. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये निकाल दिला की टाटा पॉवरलाही उपनगरांतल्या घरगुती ग्राहकांना वीज देता येईल. तिथे तोवर रिलायन्स होती. (बीएसईएस त्यांच्याकडे गेली होती, पुढे २०१८ मध्ये अदानींकडे.) ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने वाट मोकळी केली. तारा रिलायन्सच्याच, वीज टाटांची, आणि तारांच्या वापराचं भाडं वेगळं. टाटांचे दर तेव्हा कमी होते, लोकांनी अर्ज भरले. २०११ पासून जाणाऱ्यांवर अधिभार बसला आणि फरक आटला, ही पुढची गोष्ट.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पार्ल्याला भाड्याने राहत होता. सोसायटीतले सगळे अर्ज भरत होते. हाही उत्साहाने फॉर्म घेऊन आला, आणि पहिल्याच रकान्यात अडला. ग्राहकाचं नाव. ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने बिल, आणि तो मालक कॅनडात. भावाने दोन पत्रं टाकली, फोन केला. मालक म्हणाले, चाललंय ते चालू द्या ना. भाऊ महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नावाचं बिल भरत शेजाऱ्यांचा आकडा ऐकत राहिला.

निवड होती तीही तेवढ्याच पट्ट्यात. मुंबई महापालिकेच्या हद्दीतच मुलुंड-भांडुपला महावितरण. भिवंडीत २००७ पासून टोरेंट, तीही महावितरणच्या वतीने. बाकी आपण सगळे जी तार दारात आली तिचेच.

आता सरासरी बिलाबद्दल, कारण खरं सांगायचं ते तिथेच आहे. रीडिंग घेता आलं नाही, घराला कुलूप होतं, मीटर बंद पडला, तर मागच्या महिन्यांवरून अंदाजे बिल येतं. २००५ च्या नियमांत हे स्पष्ट होतं, आणि प्रत्यक्ष रीडिंग मिळालं की ते पैसे वळते करायचे हेही होतं. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत घरोघरचं रीडिंगच थांबलं. थंडीच्या महिन्यांवरून सरासरी काढून बिलं गेली, आणि जूनमध्ये उन्हाळ्यातलं खरं रीडिंग एकदम आल्यावर लोक हबकले. राज्यभर ओरड झाली ती आठवत असेल.

आमचा एक छोटा फ्लॅट आहे, निवृत्तीचे पैसे घालून घेतलेला. त्यात तेव्हा दोन मुली भाड्याने होत्या, नोकरी करणाऱ्या. मार्चमध्ये त्या घाईघाईने गावी गेल्या. वीजबिल माझ्या नावावर. मी दर महिन्याला आकडा कळवायची, त्या पैसे पाठवायच्या. एप्रिल आणि मेचाही आकडा मी तसाच कळवला. सरासरी आहे हे बिलावर छापलेलं होतं, मी वाचलंही होतं. त्यांनी पैसे पाठवले. जूनमध्ये धाकटीचा फोन आला. भीत भीत म्हणाली, "काकू, रागावू नका हं. आम्ही तर मार्चपासून तिथे नाहीच. मीटरचा फोटो पाठवाल का?"

माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, "अगं, पाचसातशे रुपयांसाठी काय फोटो?"

फोन ठेवला आणि मला ओसरी दिसली. दुसऱ्या दिवशी रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत गेले, जिन्याखालच्या मीटरचा फोटो काढला. मार्चनंतर चारच युनिट पडली होती, बहुधा राउटर चालू राहिला असावा. मुलींचे पैसे परत केले. कंपनीने पुढच्या बिलांत वळते केले ते मी ठेवले. तेव्हापासून बिल आलं की त्याचा पूर्ण फोटो पाठवते, दोन्ही बाजूंचा.

तरी अजून एक आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि मालक ना हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार तिथे राहतो का, एवढंच बघायचं. ते वाचून मला कोण आनंद झाला होता. वडील हवे होते असं वाटलं.

सध्या त्या फ्लॅटमध्ये एक जोडपं आहे, फार सज्जन. गेल्या महिन्यात त्यांनी बिल त्यांच्या नावावर करून घ्यायचं का विचारलं, आणि सहीसाठी कागद ठेवून गेले. आमचे हे म्हणतात, सही करू नकोस, उद्या तोच कागद पुरावा म्हणून पुढे येईल. मुलगाही तेच म्हणतो. कागद वडिलांच्या त्याच वहीत ठेवला आहे. अजून सही केलेली नाही.