विल्यम्स, पॉल एच. आणि ‘फास्ट प्लांट्स’

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील शाखेत वनस्पतिरोगशास्त्राचे माजी प्राध्यापक. कोबीवर्गीय पिकांच्या रोगांवरील संशोधन आणि त्यातूनच निघालेली ‘विस्कॉन्सिन फास्ट प्लांट्स’ ही शालेय प्रयोगांची रोपं, अशी त्यांची दुहेरी ओळख आहे.

कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोग आणि पानं काळवंडवणारा घाण्या रोग हे विल्यम्स यांच्या अभ्यासाचे विषय. मुळांवरच्या गाठींच्या रोगजंतूंचे प्रकार ओळखण्याची त्यांची 1966 सालची पद्धत बराच काळ प्रमाण मानली गेली. रोगाला दाद न देणारं वाण तयार करायचं तर पिढ्यामागून पिढ्या संकर करावे लागतात, आणि या पिकांची एक पिढी उरकायलाच निदान सहा महिने जातात. संशोधकाचं अर्धं आयुष्य वाट पाहण्यात जायचं. विल्यम्स यांनी मग अमेरिकी कृषी खात्याच्या संग्रहातलं ब्रासिका या कोबीवर्गीय वनस्पतींचं दोन हजारांहून अधिक नमुन्यांचं बियाणं पेरलं आणि त्यातली लवकर फुलणारी, ठेंगणी, भरपूर बी धरणारी आणि बी सुप्तावस्थेत न जाता लगेच रुजणारी रोपं निवडून ती आपसात वाढवली. हे काम कर्टिस हिल यांच्यासह त्यांनी 1986 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं.

त्यातली ब्रासिका रापा ही जाती शाळेच्या वेळापत्रकात चपखल बसली आणि ‘फास्ट प्लांट्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. सलगम, चिनी कोबी आणि उत्तरेकडची तोरिया ही तिचीच रूपं. आपल्या फोडणीतली मोहरीही तिच्या आणि काळ्या मोहरीच्या संकरातून आलेली. चोवीस तास ट्यूबलाइटखाली ठेवलेलं फास्ट प्लांटचं रोप चौदाव्या दिवसाच्या आसपास फुलतं आणि पाच-सहा आठवड्यांत पुन्हा बी देतं. फोटोच्या रोलची रिकामी डबीही त्याला कुंडी म्हणून पुरते.

स्वतःचा पराग मात्र त्याला चालत नाही. म्हणून मुलं मेलेल्या मधमाशीचं वाळलेलं धड काडीला चिकटवतात आणि ते या फुलावरून त्या फुलावर फिरवतात. माशीच्या अंगावरच्या लवेत पराग अडकतो. परागणाचा धडा शिकवायला याहून बोलका फळा सापडणं कठीण!

खरी मौज आनुवंशिकतेची. आई बिनजांभळ्या खोडाची, संतती जांभळी. तर बाप कसा? मुलं उत्तराचा अंदाज बांधतात, पुढची पिढी वाढवतात आणि रोपं मोजतात. ‘रोझेट’ नावाच्या खुज्या वाणावर जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक फवारलं की ते सरळ उंच होतं. मग जनुक आणि संप्रेरक यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

1997 साली ‘कोलंबिया’ यानाच्या एसटीएस-87 मोहिमेत युक्रेनचे अंतराळवीर लिओनिद काडेन्युक यांनी या रोपांवर परागणाचे प्रयोग केले. अमेरिका आणि युक्रेनमधले विद्यार्थीही आपापल्या वर्गात तीच रोपं वाढवून त्या प्रयोगांत सहभागी झाले होते.

वर्गातल्या जांभळ्या-बिनजांभळ्या रोपांच्या मोजणीत मात्र एक अडचण येते: एका वर्गाच्या मोजक्या रोपांत आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचं तीनास एक हे प्रमाण क्वचितच नेमकं येतं. आकडे फसले म्हणून मुलं हिरमुसतात, तेव्हा जाणते शिक्षक दोन-चार वर्गांची मोजणी एकत्र करायला लावतात.