खरखरीचं वय

जेसिका प्रॅटचा जन्म 1987चा. कॅलिफोर्नियातल्या रेडिंगमध्ये वाढली, पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेली. 2012 साली तिच्याच नावाचा तिचा पहिला अल्बम आला. गिटार आणि आवाज, बस्स. कुठे कुठे तिच्याच आवाजावर चढवलेला तिचाच दुसरा आवाज. टिम प्रेस्ली या संगीतकाराला ही गाणी इतकी आवडली, की ती काढण्यासाठी त्याने बर्थ रेकॉर्ड्स नावाची कंपनीच सुरू केली. समीक्षकांच्या लिहिण्यात मात्र एकच तुलना घोळत राहिली: ही तर 1970च्या आसपासची, माळ्यावर सापडलेली रेकॉर्ड वाटते. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकल्यावर साल पुन्हा तपासलं होतं.

पण 1970ची म्हणजे नेमकी कुठली रेकॉर्ड? त्या वर्षी घराघरांत वाजत होता सायमन आणि गारफंकेलचा 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. पियानो, व्हायोलिनांचा ताफा, सगळं लखलखीत. त्याचं आणि प्रॅटचं काही नातं नाही. तिच्याबद्दल बोलताना निघणारी नावं वेगळीच, आणि त्यांतलं पहिलं बहुधा वाश्टी बन्यन.

1968मध्ये ही इंग्लिश मुलगी आपल्या मित्रासोबत घोडागाडीतून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. गायक डोनोव्हन तिथे कलावंतांची वसाहत वसवणार होता. प्रवास इतका रेंगाळला, की ती पोचली तेव्हा बाकीचे निघून गेले होते. वाटेत रचलेली गाणी जो बॉइडने लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली आणि 1970च्या शेवटी 'जस्ट अनदर डायमंड डे' बाजारात आला. तो कोणी घेतला नाही. बन्यनने गाणं सोडलं, मुलं वाढवली, जनावरं सांभाळली. 2000 साली अल्बमची सीडी निघाली आणि तिला श्रोते मिळाले. तीस वर्षांनी.

जर्मनीच्या सिबिले बायरने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरीच टेपवर गाणी गायली होती. तिच्या मुलाने ती घरच्या लोकांसाठी सीडीवर उतरवली आणि 2006 साली 'कलर ग्रीन' नावाने ती जगापुढे आली. अमेरिकेत कॉनी कॉन्व्हर्सची 1954ची ध्वनिमुद्रणं जीन डाइचने आपल्या घरी केलेली (पुढे 'टॉम अँड जेरी'चे काही भाग काढणारा तो हाच). कॉनी 1974मध्ये गाडी घेऊन निघून गेली, ती परत कोणाला दिसली नाही. तिचा अल्बम आला 2009मध्ये.

तेव्हा आपण ज्याला साठ-सत्तरच्या दशकाचा आवाज म्हणतो, तो त्या दशकांत जवळपास कोणाच्या कानी पडलेलाच नव्हता. तो ऐकला गेला 2000 ते 2010च्या दरम्यान, सीडीवर आणि एमपीथ्रीवर, प्रॅटच्या पिढीकडून. प्रॅट 'जुनी' वाटते ती या ताज्या ओळखीमुळे. जमाना गेला म्हणून हळहळणाऱ्यांना हे जरा अडचणीचं आहे. तो जमाना खराच आला असता, तर बन्यनला गाणं सोडावं लागलं नसतं.

खरखरीचंही तेच. प्रॅटचा दुसरा अल्बम, 2015चा 'ऑन युअर ओन लव्ह अगेन', घरी चार-ट्रॅक यंत्रावर केलेला. टेपची ती सूं सूं ऐकून आपला कान लगेच 'साठचं दशक' म्हणतो. पण बन्यनचा अल्बम झाला लंडनच्या साउंड टेक्निक्स या चांगल्या स्टुडिओत. तिथे खरखर हा दोष होता आणि तो घालवायला पगारी माणसं होती. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं टास्कॅमचं पोर्टास्टुडिओ आलं 1979मध्ये. ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर घरी केला. म्हणजे चाल साठच्या दशकाची, खरखर ऐंशीच्या दशकाची, आणि दोन्ही एकत्र ऐकायची सवय या शतकातली. आपल्याकडे तर कॅसेट नव्वदच्या दशकातही घरोघरी होती. मराठी कानाला ही खरखर कदाचित शाळेच्या सुट्टीची वाटेल, हिप्पींची नाही.

2019च्या 'क्वाएट साइन्स'साठी प्रॅट पहिल्यांदा रीतसर स्टुडिओत गेली. खरखर कमी झाली, तरी गाणी काही तरुण झाली नाहीत. म्हणजे सगळं टेपवर ढकलता येत नाही. तिचे स्वर उच्चारताना किंचित वाकडे वळतात, शब्दाचं टोक चेपलं जातं, आणि हे कुठल्याही यंत्राचं काम नव्हे.

तरी माझं मन अडकतं ते दुसऱ्या अल्बममधल्या 'जॅकलिन इन द बॅकग्राउंड'पाशी. गाणं चालू असतानाच टेपचा वेग ढळतो आणि गिटार सुरातून घसरत जाते. दुसऱ्या कोणी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं असतं. प्रॅटने ते तसंच राहू दिलं.