मूर्तिजापूरचा कापूस आणि झोपेतली ओल

१/४ मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ वऱ्हाडच्या कापसासाठी घातली गेली. मात्र कच्चा कापूस ओल सहज टिपत नाही. त्याच्या तंतूंवर मेणाचा थर असतो.

२/४ क्षारात उकळून तो थर काढला, की कापूस द्रव शोषतो. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे शल्यविशारद सॅम्सन गॅमजी यांनी असा कापूस जाळीदार कापडाच्या थरांत घालून जखमेची पट्टी सिद्ध केली.

३/४ वार्धक्यात वा आजारपणात झोपेत मूत्र झिरपणाऱ्या प्रौढांच्या अंथरुणात मात्र जुन्या लुगड्यांच्या घड्याच राहिल्या. धुण्याचे ओझे घरातील स्त्रीवर पडे.

४/४ १९८० च्या दशकात डायपरमध्ये अतिशोषक पॉलिमर आले. ते द्रव जेलरूपात धरून ठेवते. धुणे सरले, संकोच उरला. म्हणूनच उपचार असूनही अनेकांचा विकार डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.