येरवड्याला टाका

सांगवीत कुणाचं डोकं फिरलं की म्हातारी माणसं म्हणतात, ‘येरवड्याला टाका.’ येरवड्यात जेल आहे आणि मेंटल हॉस्पिटलही. लोक दोन्ही एकाच दमात बोलतात, ते उगाच नाही.

1912 ला इंग्रजांनी वेड्यांचा कायदा केला. घरच्यांनी अर्ज करो की पोलिसांनी रस्त्यावरून उचलो, आत घालायला हुकूम मॅजिस्ट्रेटचा. आजाऱ्याला चोराची वाट. साहेब गेला, कायदा राह्यला. नवा 1987 ला मंजूर झाला, लागू 1993 ला. 81 वर्षं!

घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. 1997 ला पुण्यात जगन्नाथ वाणींनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. ते डॉक्टर नव्हते, कॅनडात संख्याशास्त्र शिकवत; बायकोला हाच आजार. तिथं घरचे घरच्यांशी बोलू लागले.

पण असा आधार गावोगाव कुठला? ‘बाहेरचं झालंय’ म्हणत लोक देवऋष्याकडं, दर्ग्यावर जात राह्यले. 6 ऑगस्ट 2001, तामिळनाडूतलं एरवाडी. आग लागली. माणसं साखळीनं बांधलेली. 28 मेली.

2017 च्या कायद्यानं साखळीवर बंदी घातली, उपचार हा हक्क केला. माझ्या चुलत्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जातो तर पाळीचा खाडा, रोज बुडतो. वर चिठ्ठी: ‘ही गोळी बाहेरून घ्या.’ कलम 18 म्हणतं, यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात फुकट. चुलतीला पाठ करून दिलंय. पुढच्या वेळी ती खिडकीवर म्हणणार, ‘गोळी नाय, तर तसं लिहून द्या.’